चार बोटांचं कापड

आमच्या गल्लीत सगळेच ओरडून बोलायचे. भांडण नव्हे, सवय. घराघरात पॉवरलूम, सकाळपासून खट्टाखट चालू, त्यात साधं ‘मीठ आण’ म्हणायचं तरी घसा ताणावा लागे. वर्षातून एक दिवस, श्रावणातल्या आमच्या रथाच्या दिवशी, सगळे माग बंद असत आणि तरीही माणसं त्याच पट्टीत बोलत राहत. त्यामुळे त्या वर्षी, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या मधल्या काळात कधीतरी, अमेरिकेतले विद्यार्थी आमचा रथ बघायला आले, तेव्हा त्यांच्यातल्या मुलीनं मला घाबरून पहिला प्रश्न विचारला तो असा :

“येथे कशावरून कलह चालला आहे?”

“कलह नाही,” मी म्हणाले, “माझी आई तुम्हाला चहा विचारते आहे.”

ही मंडळी पुण्यात सहा महिने मराठी शिकून आली होती. मराठी शुद्ध, पण सोलापुरात त्या मराठीचा काडीचा उपयोग नव्हता. आमच्या घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हींचा असा काला की पुण्याच्या माणसालाही अर्धं कळू नये. म्हणून आमच्या कॉलेजच्या इंग्रजीच्या सरांनी दुभाषी म्हणून मला धरलं. मी इंग्रजी घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि गल्लीतच राहत होते. सर वर्गात सगळ्यांदेखत म्हणाले, “हिच्यावर सोपवू या.” झालं, मी त्या दिवसापासून जमिनीवर चालायचं सोडून दिलं. आठ दिवस आरशासमोर उभी राहून इंग्रजीत रथ समजावून सांगत होते. आरसा बिचारा सगळं समजून घ्यायचा.

आले होते तिघं. त्यातल्या एकानं आदल्या दिवशी सरांच्या घरी आपली शेंगदाण्याची चटणी दही खावं तशी चमच्यानं खाल्ली, आणि रथाच्या दिवशी तो सरांच्या घरी आडवा होता. त्याला सांभाळायला सर थांबले. उरले दोघं. एक मुलगा, इतका उंच की आमच्या दारातून वाकून शिरायचा आणि वाकूनच बाहेर पडायचा, गळ्यात कॅमेरा. आणि एक मुलगी, हातात वही. ती सगळं लिहून घ्यायची. कुणी शिंकलं तरी वेळ टिपून ठेवेल की काय असं वाटायचं. मी तिला मनात वहीवाली म्हणू लागले. दोघांना त्यांच्या गुरूंनी बजावलं होतं की फक्त बघायचं, कशात हात घालायचा नाही. वहीवालीनं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. मला दाखवलं तिनं.

आता रथाचं सांगते. आमचं देऊळ म्हणजे पेठेतलं मोठं देऊळ नव्हे. तीस विणकर घरांचं, गल्लीच्या तोंडाशी असलेलं, आम्ही ज्यांना आपले मूळपुरुष मानतो त्या ऋषींचं छोटं देऊळ. मोठा रथ पौर्णिमेला शहरभर फिरायचा, आमचा त्यानंतरच्या सोमवारी, आमच्यापुरता. रथ म्हणायचो, पण तो होता चार चाकांवर फळ्या ठोकलेला गाडा, आणि त्यावर देव बसत नसे, एक जुना हातमाग बसे. दुपारी बाराला देवळापासून निघायचं, माणसांनी दोर धरून गाडा ओढायचा, आणि प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी थांबायचं. घरच्या बाईनं एक कांडी भरून ठेवलेली असे. कांडी म्हणजे बोटाएवढी नळी, तिच्यावर गुंडाळलेलं पांढरं सूत. ती धोट्यात, म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या नावेसारख्या लाकडात, बसवली की तेच सूत कापडात आडवं विणलं जातं. ताटात हळदकुंकू, एक फूल आणि ती कांडी. विणकरानं ती कपाळाला लावायची, धोट्यात घालायची आणि विणत पुढं जायचं. एका कांडीचं कापड भरे चार बोटं. तीस घरं झाली की पाच हातांचं उपरणं पुरं होई, आणि दिवेलागणीच्या आत ते मागावरून उतरवून देवाच्या खांद्यावर घालायचं. एकाही घराचं सूत कमी चालायचं नाही. गाड्यावर जादा सूत ठेवायचं नाही. आणि गाडा मागं फिरवायचा नाही.

विणायचा मान घरांच्या क्रमानं फिरे, म्हणजे एका घराच्या वाट्याला पिढीत एकदा. माझ्या आजोबांच्याही आधी एका घराचं उपरणं दिवेलागणीला अपुरं राहिलं होतं. देवानं वर्षभर जुनंच पांघरलं. तेव्हापासून त्या घराचं आडनाव काहीही असो, गल्ली त्यांना ‘अर्धे’ म्हणते. अर्ध्यांचं दुकान, अर्ध्यांचा जावई, अर्ध्यांची म्हैस. माझ्या वर्गात त्यांची मुलगी होती. तिला बघायला पाहुणे आले की गल्लीत हमखास कुणीतरी मोठ्यांदा सांगायचं, “अर्ध्यांचं घर व्हय? हे पुढं.” पाहुणे तिथंच थबकायचे. रथापुढं घंटा वाजवत चालायचा मान याच घरच्या म्हाताऱ्याचा होता, आणि नियमांच्या बाबतीत त्याच्याइतका कडक माणूस गल्लीत दुसरा नव्हता.

त्या वर्षी मान आमच्या घराला होता. म्हणजे माझ्या वडिलांना, नायनांना.

नायना पंधरा वर्षं पॉवरलूमवर होते. तिथं धोटा यंत्र फेकतं, माणूस फक्त तुटलेलं सूत सांधतो. पायांनी पावड्या दाबत हातानं धोटा फेकायची हातमागाची सवय कधीच मोडली होती. महिनाभर ते कामावरून आले की देवळात जाऊन त्या जुन्या मागावर बसायचे आणि तोंड पाडून परत यायचे. जेवताना पाटावर बसल्या बसल्या त्यांचे पाय आपोआप हलत, गुडघा लागून ताटातली आमटी डुचमळे, आणि अम्मा म्हणे, “आता ताटात उपरणं विणताव काय?” एकदा ते माझ्याकडं बघून हसत म्हणाले, “अर्धं राहिलं तर तुझं लगीन कसं व्हायचं गं?” हसले खरे, पण भात तसाच टाकून उठले. मला त्यांचा राग आला. एवढं काय घाबरायचं, असं वाटलं. खरं तर मीही घाबरले होते, पण माझी भीती नेहमी रागाचं सोंग घेऊनच बाहेर पडते.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मी विणकराची मुलगी, पण माझ्या हाताला सूत लागू दिलेलं नव्हतं. लहानपणी मी हौसेनं रहाटापाशी, म्हणजे सूत गुंडाळायच्या चाकापाशी, बसून कांडी भरायला लागले की नायना ती हातातून काढून घेत. “तू पुस्तक धर.” गल्लीतल्या माझ्या वयाच्या पोरी दिवसाला ढीगभर कांड्या भरत, आणि मी कविता पाठ करी. त्याचा मला गर्वच होता, कशाला खोटं बोलू.

रथाच्या दिवशी सकाळी अम्मा पाहुण्यांसाठी स्वयंपाकाला जुंपली होती. परदेशी माणसं आपल्या घरी जेवणार म्हणून तिनं चार दिवस आधीपासून डोकं खाल्लं होतं. चुलीपुढून तिनं ओरडून सांगितलं, “घरची कांडी आज तू भर गं. मला सवड न्हाय. आपलं घर शेवटचं हाय, दुपारपर्यंत भरलीस तरी चालंल.” मी “हो हो” म्हणाले आणि केसाला नवी रिबीन बांधायला गेले.

बाराला घंटा वाजली. नायना पांढरं धोतर नेसून, कपाळाला विभूती लावून मागावर बसले. पहिल्या घराची कांडी त्यांनी कपाळाला लावली. मग धोटा सुटला, एकदा अडखळला, दुसऱ्यांदा नीट गेला. लोकांनी जयजयकार केला आणि गाडा हलला. मी पाहुण्यांना घेऊन गाड्याच्या पुढं निघाले, म्हणजे गाडा येण्याआधी घराघरात त्यांना नीट बघता येईल. ही माझीच कल्पना. इंग्रजीत ती फार सुंदर वाटली होती.

तिसऱ्या घरी वहीवालीनं ताटातली कांडी बघून विचारलं, “ही वस्तू काय आहे?” मी सांगितलं. तिनं ती दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली आणि इतक्या मायेनं बघत राहिली की घरची बाई विरघळली.

“घ्या की. ऱ्हाऊ दे तुमालाच.”

आमच्याकडं पाहुण्यानं एखाद्या वस्तूकडं दोनदा बघितलं की ती वस्तू त्याची झाली. आणि पुण्यात तिला शिकवलं होतं की देवाच्या कामातलं काही दिलं तर नाही म्हणू नये. तिनं ती कांडी खांद्यावरच्या पिशवीत ठेवली. बाई मला म्हणाली, “मी दुसरी भरते की पटकन, गाडा यायच्या आत.” मी मान हलवली. एका कांडीचं काय एवढं, असं मला वाटलं. शिवाय मी त्या वेळी उंच मुलाला मागाचं तत्त्वज्ञान सांगत होते आणि वाक्य मोठं झालं होतं, मध्येच सोडलं असतं तर परत सापडलं नसतं.

बाई दुसरी कांडी भरायला आत वळली, तेवढ्यात उंच मुलानं कॅमेरा वर केला. “थांबा थांबा,” म्हणून ती साडी बदलायला पळाली. कांडी राहिली.

हेच पुढच्या घरी झालं. मग आणखी एका घरी. सगळ्या घरी नव्हे, काही घरच्या बायका शहाण्या होत्या. पण वहीवाली जिथं जाई तिथं ती कांडी तितक्याच भक्तीनं उचले, आणि देणारीला वाटे, मीच एकटीनं दिली, बाकीच्यांची आहेच की. तिकडं फोटोसाठी कुणी ठेवणीतलं लुगडं काढत होती, कुणी घड्याळ भिंतीवरून उतरवून मांडीवर घेत होतं, एका घरानं तर सासूला खुर्चीसकट अंगणात आणलं. मी इंग्रजी बोलत पुढं चालले होते. मला आठवतं, मला वाटत होतं की आजचा दिवस आपण गाजवला.

बावीस घरं झाली आणि मागं घंटा थांबली.

घंटा थांबणं म्हणजे काय हे गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. आम्ही पळत मागं आलो. गाडा बाविसाव्या घरापुढं उभा होता. पुढं चालणाऱ्या म्हाताऱ्याला मागचं दिसत नव्हतं, आणि रिकाम्या ताटापाशी ‘भरून मागनं आणते’ असं ऐकून नायना पुढं निघत; कापड कमी आहे हे कळलं ते म्हाताऱ्यानं इथं पहिल्यांदा मोजलं तेव्हा. नायना मागावर बसलेले, धोटा मांडीवर, पाय लोंबकळत. अर्ध्यांचा म्हातारा गाड्याच्या फळीवर हात आपटत ओरडत होता.

“नऊ! नऊ घरचं ताट रिकामं! इचारलं तर म्हंत्यात, दिली की पाव्हणीला!”

नऊ कांड्या म्हणजे दीड हात. दीड हात उपरणं हवेतून येणार नव्हतं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. अंगावर लग्नातले शालू, आणि तोंडं उतरलेली. मग माझी पाळी आली. मी त्यांना जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. एवढी शिकलेली पोर असं बोलते, असं नंतर वर्षभर ऐकत होते. “देवाची कांडी वाटायला काय ती चिरमुरे वाटली का तुम्हाला?” हे त्यातलं सगळ्यात सौम्य. तिसऱ्या घरी मी स्वतः मान हलवली होती, ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

“परत भरून आणू की,” एक जण म्हणाली.

“गाडा मागं फिरत न्हाय,” म्हातारा म्हणाला. “आपल्या उंबऱ्यावरनंच द्यायची. आमच्या आज्यानं बी त्या दिवशी मागं फिरू द्या म्हटलं हुतं. फिरू दिलं का? न्हाय दिलं.”

त्याच्या आवाजात राग होता, आणि साठ वर्षांचं आणखीही काही होतं. नायनांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि नजर वळवली.

वहीवालीला शब्द कळले नसतील, पण गोष्ट कळली. तिनं पिशवी उघडली. आत नऊ कांड्या, रुमालात नीट गुंडाळलेल्या, प्रत्येकीला वहीच्या कागदाची चिठ्ठी : घर तिसरे, हिरवी साडी. घर सातवे, दोन शेळ्या. तिनं त्या पुढं केल्या. “कृपया ह्या परत घ्या.”

एकही बाई पुढं आली नाही. उलट सगळ्या हात पदराखाली घेऊन मागं सरकल्या. दिलेलं परत घ्यायचं, तेही पाहुणीकडून, तेही देवाच्या दिवशी! गल्ली बुडाली असती तरी ते झालं नसतं. देव एकीकडं, पाहुणी एकीकडं, आणि मध्ये माझे नायना लोंबकळत बसलेले.

तेव्हा माझी पेद्दम्मा पुढं आली. पेद्दम्मा म्हणजे नायनांची थोरली वहिनी. अम्माचं आणि तिचं वाकडं होतं, महिनोन् महिने बोलणं नसे. ती कमरेवर हात ठेवून म्हाताऱ्यापुढं उभी राहिली.

“त्या कांड्या आता कुणाच्या?”

“पाव्हणीच्या.”

“मग पाव्हणी देईल की देवाला. तिला कोण नको म्हणतंय?”

“उंबऱ्यावरनं द्यायची म्हटलं न्हवं का! हिचा उंबरा कुटं हाय? तिकडं समुद्रापल्याड!”

पेद्दम्मानं पदर खोचला. तिनं बाविसाव्या घरातून रांगोळीचा डबा मागवला, आणि गाड्यापुढच्या रस्त्यावर खाली बसून एक ठसठशीत आडवी रेघ ओढली. दोन बाजूंना दोन पावलं काढली, वर हळदकुंकू वाहिलं. “हा हिचा उंबरा,” ती म्हणाली. मग चार पावलं पुढं जाऊन दुसरी रेघ ओढली. “एका घरची एकच कांडी ना? हे दुसरं घर.” मग तिसरी. पेद्दम्माचे गुडघे दुखायचे, पण ती उठत-बसत पुढं गेली आणि रस्त्यावर एकामागं एक नऊ उंबरे उमटले.

सगळे म्हाताऱ्याकडं बघायला लागले. तो त्या रेघेकडं बघत राहिला. शेवटी त्यानं वहीवालीच्या पायांकडं बोट केलं.

“उंबऱ्यात चपला घालून उभारत्यात व्हय?”

आम्ही हसलो, रडायचंच राहिलं होतं. वहीवालीनं घाईघाईनं चपला काढल्या. मग मात्र ती थबकली आणि माझ्याकडं वळून म्हणाली, “परंतु मला हात लावण्याची अनुमती नाही. आम्ही केवळ निरीक्षण करतो.”

मी तिला इंग्रजीत काही सांगायला हवं होतं. आठ दिवस पाठ केलेलं सगळं इंग्रजी त्या क्षणी पार उडून गेलं. मी मराठीतच ओरडले, गल्लीच्या पट्टीत : “अगं बाई, माझ्या बापाला जन्मभर अर्धा म्हणतील!”

तिनं वही मिटली आणि रस्त्याच्या कडेला चपलांवर ठेवली. पेद्दम्मानं तिच्या डोक्यावरून आपल्या सुनेची ओढणी घातली, हातात ताट दिलं. वहीवाली पहिल्या रेघेमागं उभी राहिली. गाडा आला, थांबला. नायनांनी वाकून कांडी घेतली, कपाळाला लावली, आणि धोटा सुटला. ती पळत दुसऱ्या उंबऱ्यात जाऊन उभी. परत ताट, परत कांडी. तिसऱ्या उंबऱ्यापर्यंत पोरं तिच्याबरोबर पळायला लागली, पाचव्यापर्यंत बायका प्रत्येक वेळी “आली गं आली” म्हणून ओरडायला लागल्या, आणि सातव्या उंबऱ्यात म्हाताऱ्यानं स्वतः तिच्यापुढं घंटा वाजवली. उंच मुलाचा रोल नेमका तेव्हाच संपला. तो कॅमेरा पाठीवर टाकून दोर ओढायला लागला. एवढा उंच माणूस दोराला लागल्यावर गाडा डावीकडं कलायला लागला, म्हणून त्याला मधोमध घेतला.

या सगळ्यात नायनांचे पाय सुटले. कसे सुटले ते त्यांनाही सांगता आलं नाही. महिनाभर जे देवळात बसून येत नव्हतं ते त्या रस्त्यावर आलं. खाली बघायचे नाहीत, धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि ओठ हलत होते. नंतर अम्मानं विचारलं कोणतं स्तोत्र म्हणत होतात, तर म्हणाले, स्तोत्र कुठलं, लहानपणी बापानं शिकवताना दिलेल्या शिव्या आठवत होतो.

गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला. उरलेली घरं भराभर मागं पडली, आता ताटं भरलेली होती. देवळाच्या कळसावर ऊन राहिलं होतं तेवढंच. गल्लीला वळसा घालून गाडा पुन्हा देवळाजवळ, शेवटच्या घराशी, आमच्या घराशी आला. अम्मा दारात उभी होती, हातात ताट, तोंड हसरं. मी धावत जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले.

ताटात हळदकुंकू होतं. फूल होतं.

अम्मानं माझ्याकडं बघितलं. “आण की. कुटं ठेवलीस?”

पुढच्या क्षणाची मला आजही लाज वाटते. सबंध दुपार मी तोंड सोडलेलं, आणि ज्या नऊ बायकांना मी देवद्रोही ठरवलं होतं त्या सगळ्या माझ्यासमोर उभ्या. त्यांनी पाहुणीला दिली तरी होती. मी भरलीच नव्हती. रिबीन मात्र बांधली होती.

आमच्या गल्लीत, माग बंद असताना, सगळे हजर असताना, शांतता. कळसावरचं ऊन जात होतं. म्हाताऱ्यानं घंटा खाली धरली. मी नायनांकडं बघितलं, आता ओरडतील म्हणून. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“भर,” ते म्हणाले. “मी थांबतो.”

मी आत पळाले. रहाट कोपऱ्यात, सुताची लडी खुंटीला. लडी ओढली तर गुंता. बाहेर आयुष्यभर शहाणपण मिरवलेली मुलगी आत सुताचं टोक शोधत होती. तेवढ्यात माझ्यामागं कुणीतरी बसलं. वहीवाली. तिनं दिवसभर घराघरात बघून, लिहून घेतलं होतं, त्यामुळे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिनं लडी माझ्याकडून घेतली, दोन्ही हातांवर ताणून धरली, टोक काढून दिलं आणि म्हणाली, “सावकाश.”

मी रहाट फिरवला. सूत कुठं सैल पडलं, कुठं ताणलं, दोनदा तुटलं, दोनदा मी गाठ मारली. अशी गाठाळ, मध्येच फुगलेली कांडी गल्लीत कुणी पाच वर्षांच्या पोरीकडूनही घेतली नसती. ती मी ताटात ठेवून बाहेर आले. नायनांनी ती घेतली आणि माझ्या हातची ती कांडी कपाळाला लावली. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

शेवटची चार बोटं विणली गेली. म्हाताऱ्यानं वाकून बघितलं, नखानं गाठी चाचपल्या, आणि म्हणाला, “हाय. पुरं हाय.” मग त्यानं घंटा अशी बडवली की उंच मुलानं कानावर हात ठेवले. उपरणं उतरलं, देवाच्या खांद्यावर गेलं, आणि लगेच दिवे लागले. अम्मा आणि पेद्दम्मा एका ताटात जेवल्या, हे त्या दिवसाचं दुसरं आश्चर्य.

वहीवालीचं काही महिन्यांनी पत्र आलं. तिच्या गुरूंनी वही तपासली, तेव्हा रथाच्या दिवसाची बावीस घरं तपशीलवार होती आणि पुढं कोरं. त्यांनी त्याखाली शेरा मारला होता : निरीक्षण अपूर्ण. मी तिला उलट लिहिलं की काळजी करू नकोस, आमच्याकडं अशांना अर्धे म्हणतात आणि घंटेचा मान देतात.

वर्षभरानं नवं उपरणं देवाला चढलं आणि जुनं, रिवाजाप्रमाणं, प्रसाद म्हणून आमच्या घरी आलं. नायनांनी ते ट्रंकेत ठेवलं. घरी कुणी आलं की मला धास्ती, आता काढतात की काय, कारण त्याचं टोक बघितलं की कुणालाही कळे कुठून कुठपर्यंत विणकराच्या घरच्या बायकांचं सूत आहे आणि कुठून माझं.

त्यानंतर दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. मुलगा सोलापूरचाच, शिक्षक. लग्नाच्या दिवशी सकाळी नायना तयार होऊन आले, नवं धोतर, आणि खांद्यावर ते उपरणं. गाठाळ टोक पुढं, छातीवर.

मी नवरी होते तरी मला राहवलं नाही. “नायना, उलटं घ्या की. ते टोक पाठीमागं टाका. माणसं बघतील.”

“बघू दे,” ते म्हणाले. त्यांनी ते टोक हातात घेतलं, अंगठ्यानं गाठींवरून फिरवलं आणि परत छातीवर नीट बसवलं. “तुला सूत धरू दिलं न्हाय म्या कधी. माझ्या पोरीच्या हातचं एवढंच हाय माझ्याकडं. हे मागं कशाला टाकू?”